माळवदाचं वजन

हैदराबादच्या राजेंद्रनगर भागात राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायत राज संस्थेचं विस्तीर्ण आवार आहे. तिथे १९९९ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञान उद्यान सुरू झालं. देशभरातून प्रशिक्षणाला आलेले सरपंच आणि ग्रामसेवक या उद्यानात फिरतात आणि नमुन्याच्या घरांपाशी थबकतात. यंत्रात दाबून केलेल्या मातीच्या विटांचं घर, साच्यात माती ठोकून उभी केलेली भिंत, पोकळी ठेवून रचलेल्या विटा असं बरंच काही तिथे बघायला मिळतं. भिंतीला हात लावून बघावंसं वाटतं. बाहेर एप्रिलचं ऊन असलं तरी आत गारवा असतो.

शहराच्या दुसऱ्या बाजूला, उप्पल रस्त्यावर, राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेला सगळे एनजीआरआय म्हणूनच ओळखतात. जमीन का हलते, कुठे हलते, किती खोलवर हलते, याचा हिशेब इथे चालतो. मातीचं घर बांधायचं कसं, हे राजेंद्रनगरात कळतं आणि त्याच्या पायाखाली काय चाललंय, हे उप्पल रस्त्यावर. एकाच शहरातल्या या दोन फाटकांमध्ये फार येजा नसते. मराठवाड्यातल्या माणसांना मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच पहाटे पडले होते.

ती पहाट ३० सप्टेंबर १९९३ची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. सव्वादोनशे किलोमीटरवरच्या हैदराबादेतही तो जाणवला. लातूर जिल्ह्यातला औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा, या दोन तालुक्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, तळणी ही गावं काही सेकंदांत बसली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. ढिगारे उपसताना एक गोष्ट वारंवार दिसली. कितीतरी माणसं दगडाच्या माराने गेली नव्हती, छपराच्या मातीत गुदमरून गेली होती.

त्यानंतर निकाल लागायला वेळ लागला नाही. मातीच्या घरांनी माणसं मारली, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं आणि गावांनीही तेच म्हटलं. हा निकाल निम्माच खरा आहे. उरलेला निम्मा समजून घ्यायचा, तर आधी माळवद समजून घ्यावं लागतं.

माळवद हे जुन्या हैदराबाद संस्थानाचं घर. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे, खाली बीदर-गुलबर्गा आणि पलीकडे तेलंगणातली गावं, या सगळ्या कोरड्या पट्ट्यात सपाट मातीच्या छपराची घरं दिसायची. तेलुगूत त्यांना मिद्दे म्हणतात. १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले, घरं होती तशीच राहिली. आजही लातूरहून बीदरमार्गे हैदराबादला जाताना, जुन्या गावठाणात शिरलं की भाषा बदलल्याचं कानाला कळतं, छपराकडे बघून कळत नाही.

त्याची रचना अशी. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर आडव्या किलचणांचा थर, त्यावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला, त्यावर मळलेल्या चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं, हे सांगायचं ते खणांत: पाच खणांचं, आठ खणांचं. भिंती दगडाच्या, पण सिमेंट-चुन्याच्या नव्हेत. दगड चिखलात बसवलेले, आतून पांढऱ्या मातीचा गिलावा आणि शेणाचा पोतेरा. भिंतीत देवळ्या, कोपऱ्यात धान्याचं बळद, छपराला उजेडासाठी साणं. चाळीस अंशांच्या वर पारा जाणाऱ्या मुलखात या घराने पिढ्यान्‌पिढ्या माणसं, गुरं आणि ज्वारी सांभाळली.

माती निवडण्याचं शास्त्रही होतं. शेताची काळी माती भिंतीला कुणी वापरत नसे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, हे सांगायला कुणा प्रयोगशाळेची गरज नव्हती. घराला लागायची ती पांढरी, जुन्या वस्तीच्या टेकाडाची, पिढ्यांच्या राखेची, चुन्याची आणि पडक्या भिंतींची. पाटला-देशमुखांच्या गढ्या याच मातीच्या. कित्येक ठिकाणी त्यांचे बुरूज छप्पर उडालेल्या अवस्थेत दशकानुदशकं पावसात उभे आहेत. चिखल तुडवायचा, भुसकट मिसळायचं, काही दिवस मुरू द्यायचा, मग वापरायचा. भुसकट कुजून चिखलाला जो चिकटपणा येतो, त्याचं रसायन गवंड्याला सांगता आलं नसतं. चिखल तयार झाला की नाही, हे त्याच्या पायाला कळायचं.

घर बांधून काम संपत नसे. ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला की, माळवदावर चढायचं, भेगा बुजवायच्या आणि चार पाट्या नवी माती टाकून चोपायची. छत गळू नये एवढाच हेतू. दरवर्षी थोडी नवी माती, आणि जुनी काढायची नाही. बापाने टाकली, मुलाने टाकली, नातवाने टाकली. भूकंपानंतर मोजमाप झालं तेव्हा या छपरांवर एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत मातीचे थर सापडले.

आता जरा गणित करू. चोपलेल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण सोळाशे-सतराशे किलो. छपरावर दोन फूट माती असेल, तर दर चौरस मीटरला एक टन. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर झाले चौदा टन. म्हणजे दहा माणसं निजलेल्या खोलीच्या डोक्यावर खडीने भरलेला ट्रक उभा करून ठेवण्यासारखं हे झालं. जमीन स्थिर असते तोवर हे वजन सरळ खाली उतरतं आणि खांब ते बिनतक्रार पेलतात. जमीन आडवी हलली की तेच वजन आडवा धक्का देतं, आणि वजन जेवढं जास्त तेवढा धक्का मोठा. जमिनीच्या हालचालीचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाएवढा धरला, तरी त्या खोलीच्या भिंतींना जवळजवळ तीन टनांचा आडवा रेटा बसतो. चिखलात बसवलेल्या दगडांना आडवा रेटा पेलण्याची सवयच नसते.

सगळा दोष छपराचाही नाही. भिंतींचा दोष मोठा होता, आणि तो बाहेरून दिसत नव्हता. दोन ते पाच फूट जाडीची ही भिंत दिसायला भक्कम. आत मात्र ती एक भिंत नसायची, दोन असायच्या. बाहेरचा दगडांचा पदर, आतला दगडांचा पदर आणि मधल्या पोकळीत भरलेले गोटे, चिखल, खापरं. या दोन पदरांना एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. धक्का बसला तसे दोन्ही पदर फुगले आणि सुटले, एक अंगणात पडला, एक घरात. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज तिथे जिवावर बेतला. चोर-दरोडेखोरांच्या भीतीने आणि घराण्याच्या मोठेपणापायी जी जाडी वाढत गेली, तिने मजबुती वाढवली नव्हती. दगडांचं वजन तेवढं वाढवलं होतं.

पण त्याच गावांत उभं काय राहिलं? गवताच्या, कुडाच्या झोपड्या राहिल्या. गावातल्या सगळ्यात गरीब माणसाचं घर सगळ्यात सुरक्षित ठरलं, कारण त्याच्या डोक्यावर वजन नव्हतं. आणि अनेक ठिकाणी लाकडी सांगाडे राहिले. जिथे चारही बाजूंना खांब होते, छप्पर भिंतीवर न टेकता पूर्णपणे खांब-तुळयांवर होतं, तिथे भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा मांडव उभा राहिला आणि त्याखालची माणसं वाचली. गेल्या पिढ्यांत लाकूड महागलं, तसे भिंतीकडेचे खांब गाळायची पद्धत पडली. तुळईचं एक टोक थेट भिंतीवर ठेवलं की दोन खांब वाचतात. भिंत गेली तशी तुळई गेली, तुळईबरोबर चौदा टन माती.

परंपरेने मारलं, असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच विचारलं पाहिजे की कोणत्या परंपरेने? पूर्ण खणांच्या, की काटकसरीने अर्ध्या केलेल्या? सुताराच्या कामाने की वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीने? तीस सेकंदांत दोन्ही एकदम पडली म्हणून ती एक ठरत नाहीत.

मग त्या सुतारांना आणि गवंड्यांना हे कळलं कसं नाही? याचं उत्तर द्यायला उप्पल रस्त्यावर यावं लागतं. भूकंपानंतर लगेच एनजीआरआयची पथकं किल्लारीत पोहोचली आणि जर्मन शास्त्रज्ञांच्या जोडीने त्यांनी पश्चात धक्क्यांच्या नोंदी घेतल्या. तेव्हा संस्थेचे संचालक होते हर्ष गुप्ता. पुढे संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरवर संपला आणि खाली अतिप्राचीन खडक लागला. दख्खनचं पठार म्हणजे अचल भूमी, असं तोवर शाळेपासून शिकवलं जात होतं. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होतं. २००२ साली ते तिसऱ्यात गेलं. शास्त्रज्ञांनाच जे ठाऊक नव्हतं, ते गवंड्याला कुठून ठाऊक असणार!

भूकंपशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीबरोबर तेरचाही अभ्यास केला. तेर म्हणजे सातवाहनकाळचं तगर, संत गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या जमिनीच्या थरांतल्या खुणांवरून, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या भागात मोठा भूकंप होऊन गेला असावा, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. दीड हजार वर्षं म्हणजे साठ पिढ्या. एवढ्या अंतराने येणाऱ्या संकटाची आठवण कुठल्याच सुताराच्या घराण्यात टिकत नाही. गोरोबांनी चिखल तुडवला, तोवरच त्या घटनेला सातशे-आठशे वर्षं होऊन गेली असणार.

पाऊस दरवर्षी येतो. म्हणून पावसाबाबत माळवद शहाणं होत गेलं, आणि त्याच शहाणपणाने छपरावर माती चढत गेली. एका संकटाच्या अनुभवाने दुसऱ्या संकटाची तयारी केली. एरवी परंपरेविषयी बोलताना एकतर आरती ओवाळली जाते नाहीतर तिला मोडीत काढलं जातं. तिला कशाचा अनुभव आहे आणि कशाचा नाही, हा साधा हिशेब कुणी मांडत नाही.

कच्छचं उदाहरण याच्या बरोबर उलट आहे. तिथे १८१९ साली प्रचंड भूकंप झाला, १९५६ साली अंजारला झाला, २००१च्या २६ जानेवारीला पुन्हा झाला. तीन-चार पिढ्यांत एकदा जमीन हलणार, हे तिथे माणसांच्या आठवणीत आहे. बन्नी भागातली भुंगे नावाची घरं मातीचीच, पण गोल. गोल भिंतीला निखळायला कोपरा नसतो, आणि वर हलकं शंकूसारखं गवती छप्पर. २००१ मध्ये यातले पुष्कळ भुंगे टिकले. त्याच दिवशी, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती डझनावारी कोसळल्या. तेव्हा माती कच्ची आणि काँक्रीट पक्कं, ही आपली वाटणी जमिनीला मान्य नाही.

खुद्द हैदराबादला आठवण आहे ती पाण्याची. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने शहर धुऊन काढलं. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगितली जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांनी त्या पुरात आई, बायको आणि मुलगी गमावली. नदीकाठच्या वस्त्यांत मातीच्या भिंतींची हजारो घरं होती. मातीच्या भिंतीचं पाण्यापुढे काय होतं, ते एका दिवसात साऱ्या शहराने पाहिलं: भिंतीचा पाय भिजला की वरचा भाग कितीही चांगला असो, ती बसते. पुढच्या वर्षी निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या अभियंत्याच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली. शहराने भिंती बदलण्याआधी नदी अडवली, हा शहाणपणाच होता. मातीच्या घराच्या सुरक्षिततेचा अर्धा भाग त्या घराच्या बाहेर असतो: पाणी कुठून येतं, जोतं किती उंच आहे, पागोळ्या कुठे पडतात.

किल्लारीनंतर महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, सारखी घरं. तेरा जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची वेगळी योजना होती. तिच्यात अभियंत्यांनी सुचवलेल्या गोष्टी आजही वाचण्यासारख्या आहेत. छपरावरची माती उतरवून साधारण वीतभर ठेवा आणि गळती थांबवायला खाली प्लॅस्टिकचं कापड घाला. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके धिरे ठोका, म्हणजे सांगाडा आडवा कलणार नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड काढून आरपार भोक पाडा, सळई घालून काँक्रीट भरा, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरतील. भिंतींना वरून सलग पट्टा द्या. यातलं कुठलंही काम गावच्या गवंड्याला आणि सुताराला न जमण्यासारखं नव्हतं, आणि नव्या घराच्या मानाने खर्चही थोडा होता.

पण लोकांनी ते फारसं केलं नाही. बहुतेकांनी अनुदानाचे पैसे घेतले आणि जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक खोली उठवली. दगडाची भीती बसली होती. ज्याने नातेवाइकांना ढिगाऱ्यातून काढलं, त्याला भिंतीत भोकं पाडून सळई घाला असं सांगणाऱ्या अभियंत्यावर विश्वास ठेवणं जड जाणारच. त्यात अभियंता आणि गाव यांच्यामध्ये बोलणारंही कुणी नव्हतं. ही उणीव भरून काढायचा एक चांगला प्रयत्न झाला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने शेकडो गावांत स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. बांधकामात पट्टा घातला की नाही, सिमेंट किती पडलं, पाणी किती मारलं, हे या बायका बघायच्या आणि सरकारी अभियंत्याला जाब विचारायच्या. यात नवल नव्हतं. सारवण, पोतेरा, भेगा बुजवणं हे सगळं बायकाच करत आल्या. भिंत कुठे पोकळ वाजते, हे घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

विटा-सिमेंटच्या नव्या खोलीची मात्र कुणी फारशी पारख केली नाही. सिमेंट ही परंपरा नसलेली वस्तू. तिचा अनुभव गावाला एका पिढीचाही नव्हता. पाण्याचं प्रमाण डोळ्यांनी ठरवायचं, दोन दिवस पाणी मारून तिसऱ्या दिवशी विसरायचं, सळया काँक्रीटच्या आत पाहिजेत तिथे उघड्या सोडायच्या, हे आजही कित्येक गावांत चालतं. असा स्लॅब सुरक्षित वाटतो, आणि घरमालकाला वाटण्याचंच समाधान असतं. उन्हाळ्यात त्याखाली निजवत नाही, ते वेगळंच.

मजेची गोष्ट अशी की मातीच्या घरांना भूकंपात टिकाऊ कसं करायचं, याची भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं त्याच साली, १९९३ मध्ये, निघाली. क्रमांक आयएस १३८२७. चिखलात बसवलेल्या दगडी भिंतींसाठी त्याच वर्षीचं आयएस १३८२८. अभियंत्याच्या भाषेचा बाऊ न करता पहिलं वाचलं, तर त्यात जुन्या गवंड्याला ओळखीचं बरंच काही सापडतं. माती पारखायची चाचणी बघा. मातीच्या दोन सेंटिमीटरच्या पाच-सहा गोळ्या करा, वाळू द्या आणि अंगठा-तर्जनीत धरून चिरडून बघा. एकही फुटली नाही, तर मातीत पुरेसा चिकटपणा आहे. प्रयोगशाळा नको, बोटं पुरतात. पुढचे आकडे मात्र नवे आहेत. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको. पंधरा इंची भिंत असेल तर दहा फुटांवर थांबा. आडव्या भिंतीच्या आधाराशिवाय लांबी जाडीच्या दहापट, म्हणजे साडेबारा फुटांपर्यंतच. दार-खिडकी चार फुटांहून रुंद नको आणि कोपऱ्यापासून चार फुटांच्या आत नको. दारा-खिडक्यांच्या माथ्यावर एक आणि छपराखाली एक, असे घराला वेढून जाणारे दोन सलग पट्टे. हे पट्टे लाकडाचेही चालतात, शिडीसारखे जोडलेले. दगडाच्या भिंतीला जाडी दीड फुटांहून जास्त नको आणि दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार दगड हवाच. किल्लारीच्या भिंतींत जे नव्हतं, त्याची ही यादीच.

जगात इतरत्रही हा रस्ता तयार झाला आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या कॅथलिक विद्यापीठात अभियंत्यांनी कच्च्या विटांची घरं हलत्या मंचावर ठेवून हलवून पाहिली आणि आधी वेळू, नंतर प्लॅस्टिकची जाळी भिंतीला बांधून ती कोसळण्यापासून वाचवण्याच्या पद्धती शोधल्या. न्यूझीलंडने १९९८ साली मातीच्या बांधकामाची तीन स्वतंत्र मानकं काढली. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या अस्त्र या केंद्राने थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटेवर मोलाचं काम केलं. भुजच्या हुन्नरशाळेने भूकंपानंतर ठोकलेल्या मातीची घरं उभी केली. हैदराबादेत गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीत भूकंप अभियांत्रिकीचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. राजेंद्रनगर, उप्पल रस्ता आणि गच्चीबावली. ज्ञानाची टंचाई आहे, अशी तक्रार निदान या शहराला करता येणार नाही.

टंचाई आहे ती हातांची. आणि थोडीफार प्रतिष्ठेची. २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली एकच खोली ही वंचिततेची पहिली खूण धरली गेली. गरिबी मोजण्यासाठी ते बरोबरच होतं, पण त्यामुळे कागदावर माती म्हणजे गरिबी, हे समीकरण पक्कं झालं. दुसरीकडे, शहराबाहेरच्या फार्महाउसांसाठी मातीच्या भिंती आता हौसेची वस्तू झाल्या आहेत. दोन दिवसांच्या कार्यशाळेत चिखल तुडवून आलेला माणूस कमानी, वळणदार भिंती आणि भल्यामोठ्या खिडक्या काढतो आणि म्हणतो, आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं असंच बांधलं. पूर्वजांनी इतक्या मोठ्या खिडक्या कधीच ठेवल्या नाहीत. त्यांच्या अनुभवाचा हवाला द्यायचा, तर त्यांनी काय केलं हे तरी बघायला हवं. अशा घराच्या नकाशावर सही करायला कचरणारा अभियंता हटवादी असतोच असं नाही. कित्येकदा त्याच्या अभ्यासक्रमात माती ही फक्त पायाखाली असते, भिंतीत नसते, म्हणून तो कचरतो.

हैदराबाद दुसऱ्या भूकंप क्षेत्रात येतं, म्हणजे धोका कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. १९६९ साली भद्राचलमजवळ ५.७ क्षमतेचा भूकंप झाला होता. ४ डिसेंबर २०२४च्या सकाळी मुलुगू जिल्ह्यात ५.३ क्षमतेचा धक्का बसला, तो हैदराबादपर्यंत जाणवला. किल्लारीलाही १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्के बसले होते, भिंतींना तडे गेले होते. त्या वर्षभरात माळवदावरची माती उतरवा, असं गावाला कुणी सांगितलं असतं, तर मृतांचा आकडा किती कमी झाला असता, याचा अंदाज वर केलेल्या गणितावरून बांधता येतो.

भूकंपाच्या पट्ट्याबाहेर बीड, नांदेड, बीदरकडे अजूनही जुनी माळवदं उभी आहेत. काहींत म्हातारे आईवडील राहतात, काहींना कुलूप आहे आणि मुलं हैदराबाद-पुण्याला आहेत. अशा घराचे मालक हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी काम सरळ आहे. या दिवाळीला गावी गेलात की वर चढून सळईने माती खुपसून बघा. वीतभराहून जास्त असेल तर पावसाळ्याआधी उतरवा. प्रत्येक तुळईचं टोक खांबावर आहे की भिंतीवर, ते बघा. भिंतीवर असेल तिथे खाली खांब द्या. भिंतीला पोट आलं असेल तर नुसता गिलावा करून झाकू नका, आरपार बांध घाला. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर ते दूर काढा. आणि पैसे खर्च करण्याआधी खणांचं काम केलेला एखादा सुतार आणि आयएस १३८२७ वाचलेला एक अभियंता शोधा. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावू नका, एकाच दिवशी त्या छपराखाली उभं करा.